स्प्रिंगचा उपास

सुरुवातीलाच एक खुलासा. हा लेख मॅगझीनवर आहे, पण दिवाळी अंकांवर नाही. पिस्तुलात नाहीतर रायफलमध्ये काडतुसांची जी डबी खालून सरकवतात तिला मॅगझीन म्हणतात. डबीच्या तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर एक छोटा पाट (त्याला फॉलोअर म्हणतात) आणि त्या पाटावर एकावर एक रचलेली काडतुसं. वरचं काडतूस गेलं की स्प्रिंग खालचं वर ढकलते. बस्स, एवढंच यंत्र. यात भांडायला काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. पण "मॅगझीन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते" हे वाक्य मी या देशात इतक्या लोकांकडून, इतक्या ठाम आवाजात ऐकलं आहे की आज त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

निमित्त झालं मागच्या महिन्यातल्या एका जेवणाचं. आमचा एक मित्र आहे, इथेच टेक्ससमध्ये, आमच्याच धंद्यातला. ग्रीन कार्ड आल्यावर पहिल्या वर्षात त्याने दोन गोष्टी घेतल्या, एक गवत कापायचं मशीन आणि एक पिस्तूल. जेवण झालं, बडीशेप झाली, आणि तो म्हणाला, "चल रे वर, माझं रविवारचं काम आजच उरकून टाकतो." वर गेलो. त्याने कपाटातून चार मॅगझीनं काढली. दोन भरलेली, दोन रिकामी. भरलेली रिकामी करायची, रिकामी भरायची. दर रविवारी. "स्प्रिंगला आराम पाहिजे ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणजे एका जोडीचा उपास आणि दुसऱ्या जोडीचं पारणं!" तो हसला. पण काम अगदी मन लावून चाललं होतं, आई सोमवारी महादेवाला बेल वाहायची तसं.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. कालनिर्णय लावलं होतं. पण कुठे, तर गुडघ्याच्या उंचीवर. कॅलेंडर तिथे कोण लावतं? मी विचारणार तेवढ्यात वहिनी दारातून म्हणाल्या, "उचलून बघा ना भाऊजी, तिथेच तर गंमत आहे." उचललं. मागे करंगळी जाईल एवढं भोक.

गोष्ट अशी. पिस्तुलात जे मॅगझीन असतं त्यालाही रविवारी उपासाला बसवायचं असतं. मग पिस्तूल बाहेर आलंच आहे तर पुसून घेऊ. त्या रविवारी साहेबांनी क्रम उलटा केला. आधी स्लाइड मागे ओढली, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं. स्लाइड पुढे गेली तेव्हा मॅगझीन आतच होतं, त्यामुळे स्प्रिंगने आपलं काम चोख बजावून पुढचं काडतूस वर ढकललं. मग साहेबांनी मॅगझीन काढलं. झालं, पिस्तूल रिकामं! त्या जातीचं पिस्तूल उघडण्याआधी एकदा चाप ओढावा लागतो. तो ओढला. इथल्या भिंती म्हणजे चुन्याचा पुठ्ठा. गोळी आरपार गेली आणि पलीकडे मुलाच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटात थांबली. मुलगा तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत "ळ" गिरवत होता. म्हणून हा लेख थोडा तिरकस लिहिता येतोय. नाहीतर लिहिलाच नसता.

आणि एवढं होऊनसुद्धा रविवारचा कार्यक्रम चालू आहे! बंद काय केलं, तर सोफ्यावर बसून चहा पीत पीत करणं. मॅगझीनचा उपास चालूच.

तर आता मुद्द्यावर येऊ. स्प्रिंग दाबून ठेवली तर मरते का?

स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हुकने शोधला. १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला (पेटंटच्या आधीचे प्रोग्रॅमर असेच असायचे). नियम साधा आहे. जेवढी ओढाल किंवा दाबाल, तेवढ्या प्रमाणात ती उलट जोर लावते. पण याला एक हद्द आहे. त्या हद्दीच्या आत दाबलेली स्प्रिंग सोडली की मूळ लांबीवर येते. हद्द ओलांडली की पोलाद कायमचं वाकतं, आणि ते वाकणं जवळजवळ लगेच होतं, दाबल्या दाबल्या. म्हणजे चुकीची स्प्रिंग असेल तर ती पहिल्याच दिवशी बसेल. बरोबर स्प्रिंग असेल तर नुसतं दाबून ठेवल्याने ती रोज थोडी थोडी झिजत नाही. पोलादाला कंटाळा येत नाही, मंडळी. पाय दुखायला स्प्रिंग काही लोकलमध्ये उभी नाही.

"पण धातू हळूहळू सैल पडतोच की," असं जरा वाचलेले लोक म्हणतात. बरोबर आहे, त्याला क्रीप म्हणतात. मात्र धातूचा क्रीप तापमानावर अवलंबून असतो. ढोबळ नियम असा की, वितळबिंदूच्या (केल्विनमध्ये मोजलेल्या) साधारण ३० ते ४० टक्क्यांवर गेल्याशिवाय तो लक्षात घेण्याजोगा होत नाही. पोलाद वितळतं सुमारे १५०० अंश सेल्सिअसला, म्हणजे १७७० केल्विनच्या आसपास. त्याचे ३० टक्के केले तर साधारण २६० अंश सेल्सिअस येतात. टेक्ससच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ६० अंश होतात, तिथे माझा फोन रडतो. पोलादाला त्याचं काही नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. साध्या तापमानालाही जोरात दाबलेली स्प्रिंग अगदी थोडा जोर गमावते. पण हे गमावणं सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत जे काय व्हायचं ते बहुतेक होऊन जातं, पुढे वक्र आडवा होतो. चांगले कारखाने म्हणूनच स्प्रिंग विकण्याआधी पूर्ण दाबून तिला एकदा बसवून घेतात. नवीन मॅगझीनची स्प्रिंग पहिल्या आठवड्यानंतर काढून नव्याशेजारी उभी केली तर थोडी आखूड दिसते. लोक घाबरतात ते इथेच. "बघ, एका आठवड्यात एवढी, तर वर्षात किती!" हेच गणित लावायचं तर माझा मुलगा पहिल्या वर्षात जेवढा वाढला त्या वेगाने एव्हाना पंख्याला लागायला हवा होता.

पटत नसेल तर पार्किंगमध्ये जा. गाडीच्या चाकांवरच्या स्प्रिंगा कारखान्यातून निघाल्या दिवसापासून गाडीचं वजन झेलत उभ्या आहेत. दर रविवारी कोणी गाडी जॅकवर चढवून त्यांना विश्रांती देतं का? इंजिन बंद करता तेव्हा काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा पूर्ण दाबलेल्या. आजोबांची अँबॅसडर वाड्याच्या मागे दहा वर्षं उभी असते, कार्ब्युरेटर चिकटतो, टायर बसतात, उंदीर वायरी खातात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगेने आत्महत्या केली म्हणून गाडी चालू झाली नाही, असं कुठल्या मेकॅनिककडून ऐकलंय?

मग स्प्रिंग मरते कशाने? दाबणं-सोडणं, दाबणं-सोडणं, याने. याला धातूचा थकवा म्हणतात आणि हे ज्ञान माणसांच्या जिवाच्या किमतीवर मिळालेलं आहे. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा कणा तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. धडधाकट दिसणारा लोखंडी कणा मोडतो कसा, हा प्रश्न लोकांना पडला. पुढे जर्मन रेल्वेतला ऑगस्ट वोलर वर्षानुवर्षं कणे फिरवून तोडत बसला आणि त्याने दाखवलं की, एका झटक्यात जे ओझं धातू सहज पेलतो तेच लाखो वेळा चढवलं-उतरवलं तर तो मोडतो. मोजायचं असतं ते फेऱ्यांमध्ये, कॅलेंडरात नाही.

इथपर्यंत वाचून आमच्याच बाजूचे काही वीर टाळ्या वाजवतील. "म्हणजे भरून ठेवल्याने नाही, रिकामं-भरलं केल्याने स्प्रिंग मरते! तुझा मित्र स्वतःच स्प्रिंग मारतोय!" थांबा. हेही घोषवाक्यच आहे. दर रविवारी एकदा, म्हणजे वर्षाला फार तर ५२ फेऱ्या. तुमच्या गाडीचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला १००० वेळा दाबली जाते, तासाला ६०,००० वेळा. मॅगझीनची स्प्रिंग तेवढी राजेशाही नसते हे मान्य, पण ५२ फेऱ्यांनी मरणारी स्प्रिंग असेल तर ती विकणाऱ्याच्या तोंडावर फेकावी. तेव्हा रविवारच्या उपासाने स्प्रिंग वाचत नाही आणि मरतही नाही. स्प्रिंगला काही फरकच पडत नाही. म्हणजे आमचा मित्र दर रविवारी जो धोका पत्करतो तो शून्य फायद्यासाठी. माझा राग नेमका यावर आहे.

मग ही समजूत आली कुठून? समजुती हवेतून येत नाहीत, त्यांच्या मुळाशी एखादी खरी गोष्ट असते, ती शोधावी लागते.

दुसऱ्या महायुद्धातल्या स्टेनगनच्या मॅगझीनमध्ये ३२ काडतुसं मावत, पण जाणते सैनिक ३० किंवा त्याहून कमी भरत. व्हिएतनाममध्ये एम-१६ च्या २० च्या मॅगझीनमध्ये १८ च भरायची सवय होती. नव्या शिपायाने हे पाहिलं आणि अर्थ लावला, "स्प्रिंगला त्रास नको म्हणून." पण कारण वेगळं होतं. स्टेनमध्ये काडतुसांच्या दोन रांगा तोंडाशी येऊन एका रांगेत शिरतात, पुण्यात लक्ष्मी रोडला शिरणाऱ्या रिक्षांसारख्या, आणि अडकतात. शिवाय कुठलंही मॅगझीन गच्च भरलं की वरच्या काडतुसावर सगळ्यात जास्त जोर येतो आणि बंद बोल्टखाली ते नीट बसत नाही. एकदोन काडतुसं कमी भरणं हा गोळी झाडतानाचा शहाणपणा होता. कपाटात ठेवतानाचा नाही.

इराकमध्ये २००३ साली अमेरिकन सैनिकांनी एम-९ पिस्तुलाच्या मॅगझीनबद्दल तक्रारी केल्या. काडतुसं वर येत नाहीत, स्प्रिंगा मेल्या! काहींनी तर स्प्रिंगा बाहेर काढून हाताने ताणल्या. पुढे लक्षात आलं की, त्या मॅगझीनच्या आतला लेप खरबरीत होता आणि तिथली पिठासारखी वाळू त्यात धरून बसायची. गुळगुळीत लेपाची मॅगझीनं आल्यावर परिस्थिती सुधारली. मॅगझीन अडकलं की पहिला संशय स्प्रिंगवर, घरात दूध नासलं की पहिला संशय सुनेवर!

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर १९९९ च्या कारगिलचं. इन्सास रायफलच्या प्लास्टिकच्या मॅगझीनना थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी तेव्हा खूप गाजल्या. तिथेही तक्रार प्लास्टिकची होती, स्प्रिंगची नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्लास्टिक हे पोलादासारखं नसतं. ते साध्या तापमानालाही हळूहळू सरकतं. भरलेल्या मॅगझीनमध्ये वरचं काडतूस धरून ठेवणारे जे दोन ओठ असतात, ते प्लास्टिकचे असतील तर वर्षानुवर्षांच्या दाबाने फाकू शकतात. म्हणूनच मॅगपुल कंपनीच्या प्लास्टिकच्या रायफल मॅगझीनबरोबर एक टोपण येतं, ते लावलं की ओठांवरचा दाब जातो. आपल्या गॅलरीतला कपड्यांचा चिमटा आठवा. उन्हापावसाने जबडे तुटतात, स्प्रिंग तशीच्या तशी राहते आणि आई ती डब्यात जपून ठेवते. एवढी वर्षं तो पुरावा आपल्या गॅलरीत लोंबकळतोय!

आता ज्यांचं म्हणणं थोडं खरं आहे त्यांना त्यांचं माप पदरात टाकतो. एक, हल्ली खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलांत दहा-दहा काडतुसं कोंबायची चढाओढ आहे. स्प्रिंगला जागाच उरत नाही, म्हणून तिला हद्दीच्या अगदी काठावर काम करावं लागतं. तिथे एक काडतूस कमी ठेवण्यात गैर काही नाही. दोन, गंज. गंजाच्या खड्ड्यातून तडा सुरू होतो. ह्यूस्टन असो की रत्नागिरी, दमट हवेत कोरडी जागा हवी. तीन, वाईट पद्धतीने मुलामा दिलेल्या कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते स्थिर ओझ्याखालीही अचानक तुटू शकतं. पण तो कारखान्याचा दोष आहे, रविवारचा उपास त्याला औषध नाही.

आणि "आजोबांच्या पेटीत पहिल्या महायुद्धातलं भरलेलं मॅगझीन सापडलं आणि खाडखाड चाललं" ही जी गोष्ट आमच्या बाजूचे लोक नेहमी सांगतात, ती मी मुद्दाम वापरलेली नाही. जी चालली नाहीत त्यांची गोष्ट कोण सांगतं? बाजू आपली असली तरी कच्चा पुरावा तो कच्चाच.

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाल्याला या पंचायती कशाला? तर हे सगळं मी फार जवळून पाहिलं आहे. एका जुन्या नोकरीत आमचा एक सर्व्हर दर रविवारी रात्री दोन वाजता बंद करून परत चालू केला जायचा. का? "त्याला विश्रांती लागते." अगदी हेच शब्द! चौकशी केली तेव्हा कळलं की, पूर्वी कधीतरी एका प्रोग्रॅममध्ये मेमरी गळत होती. तो प्रोग्रॅम केव्हाच काढून टाकलेला. रीस्टार्ट मात्र राहिला. आणि एका रविवारी त्या रीस्टार्टनंतर सर्व्हर वर आलाच नाही, सोमवारी अर्धं ऑफिस हात बांधून बसलं. म्हणजे जो धोका नव्हता तो टाळता टाळता आम्ही खरा धोका दर आठवड्याला घरी बोलावत होतो. "बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नका" हेही तसंच. निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला सल्ला, लिथियमच्या जमान्यात चालू. लिथियमला उलट तो सोसत नाही. तंत्र बदलतं, सोवळं राहतं.

रविवारच्या उपासात खरा धोका कुठे आहे ते भोकाने दाखवलंच. भरलेलं पिस्तूल हाताळण्याची प्रत्येक वेळ ही चूक होऊ शकणारी वेळ. वर्षाला दोन वेळा की ५२ वेळा, हा साधा गुणाकार आहे. दुसरं, तेच वरचं काडतूस दर रविवारी परत चेंबरमध्ये गेलं की त्याचं टोक दर वेळी पुढच्या उतारावर आपटतं आणि गोळी पुंगळीत मागे सरकू शकते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो, कधीकधी धोक्याच्या पलीकडे. म्हणजे काही डॉलरची स्प्रिंग वाचवायला निघालेला माणूस काडतूस खराब करून घेतो.

मग करायचं काय? स्प्रिंगची परीक्षा कॅलेंडर पाहून घेऊ नका, काम पाहून घ्या. स्प्रिंगचा जोर सगळ्यात कमी कधी असतो? मॅगझीन रिकामं होत आलेलं असताना. म्हणून थकलेली स्प्रिंग शेवटच्या काडतुसाला पकडली जाते. शेवटची गोळी वर येताना अडकली, किंवा ती गेल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी ती राहिली नाही, तर स्प्रिंग संशयित. रेंजवर बघा, मॅगझीनवर खूण करा, परत झालं तर स्प्रिंग बदला. आतली माती पुसा. काढताना आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग डोळ्याने आणि बोटाने चेंबर. हा क्रम गायत्री मंत्रासारखा पाठ असला पाहिजे.

आणि कुलूप. या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत २०२० साली बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकलं. त्यात खून आणि आत्महत्याच जास्त, नजरचुकीने सुटलेल्या गोळ्या कमी. पण आत्महत्या करणाऱ्या मुलाच्या हाती बंदूक बहुतेक वेळा घरातलीच लागते, हे लक्षात ठेवा. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. त्या दिवशी त्या घरात चार मॅगझीनांना विश्रांतीचं वेळापत्रक होतं, फडकं होतं, तेलाची बाटली होती. कपाटाला कुलूप नव्हतं. मी विचारलं तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, त्याला माहीतच नाही कुठे आहे ते." त्याच वेळी बारा वर्षांचा मुलगा दारातून डोकावून म्हणाला, "बाबा, आज शनिवार आहे, आज का काढलंत?"

मला या लेखात जे सांगायचं होतं ते त्या पोराने एका वाक्यात सांगितलं. आपण स्प्रिंगची काळजी करतो कारण ती सोपी आहे. दर रविवारी पाच मिनिटं बोटं चालवली की जबाबदारी पार पाडल्यासारखं वाटतं. उपासाने पुण्य मिळतं की नाही माहीत नाही, पण उपास करणाऱ्याला बरं वाटतं हे नक्की. आणि त्या बरं वाटण्यापायी खरं काम राहून जातं.

जेवणानंतरच्या आठवड्यात मी त्याला बटणांच्या कुलपाची एक लहान पोलादी पेटी नेऊन दिली. त्याने घेतली, वापरतो असं वहिनी सांगतात. भिंतीतलं भोक मात्र अजून बुजवलेलं नाही, वहिनींनी बुजवू दिलेलं नाही. कॅलेंडर तेवढं काढून टाकलं. "दिसू दे," म्हणाल्या.

रविवारचा उपास चालू आहे की नाही ते विचारलं नाही. तुम्ही कुणी करत असाल तर सोडा. पारण्याला या, पुरणपोळी आहे.